लाल दोऱ्याची चाळणी

मंगळवारी दुपारी आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि चिमटीत दाबायचे. साल हातात राहते, डाळिंबी पातेल्यात उडते. प्रमिला सोलताना मोजायची. ओठ हलायचे, आवाज नाही. दोनशे झाले की हात पुसायची, पाठ ताठ करायची आणि म्हणायची, "दोनशे." मग परत एकपासून.

मी म्हटलं, "अगं, खायचेत ते. मोजतेस काय?"

"मोजल्याशिवाय कळतं का काय आहे ते?"

"वाल आहेत."

"एक चवळी पण आहे. तुमच्या बाजूला."

बघितलं तर होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तो नमुना तेवढा राहिला हो."

"कुठला?" मी विचारलं. कुठला ते मला पक्कं ठाऊक होतं.

"डब्यातला. एक दिवसाचं काम होतं."

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. म्हटलं, "प्रमिला."

"काय?"

"काही नाही. मीठ बेताचं टाक. डॉक्टरने सांगितलंय ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुढचा वाल उचलला आणि या वेळी मोठ्याने म्हणाली, "एक."

त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला ती खुर्चीत बसल्याबसल्या गेली. चहा अर्धा राहिला होता. डॉक्टर वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

ती कोण होती ते लिहितो. मी सातवी शिकलेला, चुकलं तर सोडून द्या.

प्रमिला दहावी पास. माझं काम भांडुपला एका वर्कशॉपमध्ये, फिटर. घर मुलुंडला. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा प्रमिला एका कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात बाटल्या धुवायला लागली. तिथे कारखानीस सर कोळशाच्या पट्ट्यावर काम करायचे. चंद्रपूरकडे जमिनीत खोल भोक पाडून दगडाची लांब कांडी बाहेर काढतात. तिचे तुकडे कापडी पिशव्यांत भरून यायचे. कितव्या फुटाला काय मिळालं ते पिशवीवर लिहिलेलं. तुकडा कुटायचा आणि ॲसिडात टाकायचा. त्यातलं एक ॲसिड काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या मगात. प्रमिलाच्या डाव्या अंगठ्यावर त्याचा पांढरा डाग होता, नखाएवढा. दगड जातो, कोळसा जातो आणि तळाला चिमूटभर काळपट गाळ राहतो. तो बारीक चाळणीत धुवायचा, काचेवर पसरायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. त्यात त्या वेळच्या झाडांचे परागकण असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे. कण मोजून सांगायचं की इथे थंडी होती की ऊब, दलदल होती की नदी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "थापा मारतात."

ती म्हणाली, "मी बघितलेत."

तिने बघितले ते असे. एकदा सर काच लावून चहाला गेले होते. ही टेबल पुसत होती. पुसता पुसता डोळा लावला. सर आले तर ही तिथेच. म्हणाली, "सर, हे दोन कानांचं काय आहे?"

सर चिडले नाहीत. म्हणाले, "परागकण. ते कान नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. उडायला."

"तुम्ही कागदावर चार लिहिलेत. सहा आहेत. दोन त्या कचऱ्याच्या आड आहेत."

सरांनी बघितलं. सहा होते. त्या दिवसापासून बाटल्या धुवायला दुसरी बाई आली आणि प्रमिला मोजायला बसली. एका काचेवर दोनशे कण. कमी नाही, जास्त नाही. एकशे नव्व्याण्णववर कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. घरी पण तेच. तांदळातले खडे, कपड्यांचे चिमटे, जिन्याच्या पायऱ्या. पोरगी मनीषा लहान असताना म्हणायची, "आईला दोनशेच्या पुढे येतच नाही." आणि हसायची. प्रमिला पण हसायची.

तिची मोठी भानगड म्हणजे फुलं. लग्नात माळलेला गजरा सोडला तर नंतर तिने केसांत फूल घातलं नाही. जिवंत फुलाचा पराग कपड्याला चिकटतो, केसांत बसतो आणि काचेवर पडतो. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोळशात मोगरा सापडायचा. त्या काळी फूल नावाची गोष्टच नव्हती म्हणे. पाडव्याला दाराला झेंडूचं तोरण मी बांधायचो. ती लांब उभी राहून सांगायची, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना डोक्यावरून अंघोळ.

माझी आई मालवणची. ती हे बघून पेटायची. "घोव जिवंत आसताना डोक्यात फूल नाय? लोकां काय म्हणतली गो?"

प्रमिला शांतपणे म्हणायची, "सासूबाई, नमुना खराब होतो."

"तुझो नमुनो जळलो चुलीत."

"आधीच जळका आहे तो. कोळसा आहे."

 नंतर आई शेजारणीला सांगायची, "माझी सून कोळशातली फुलां मोजता." कौतुकानेच सांगायची.

आमच्या बिल्डिंगखाली इस्त्रीवाला बसतो. एकदा ही त्याच्या शेगडीपाशी वाकून एक तुकडा हातात घेऊन बघायला लागली. तो म्हणाला, "भाभी, कोयला है, हीरा नहीं." ही म्हणाली, "कोळसा पण नाही हा. जळकं लाकूड आहे." तो मला म्हणतो, "अंकल, भाभी को ऊपर ले जाओ, धंदा खोटी हो रहा है." जिना चढताना ती मला समजावत राहिली. खरा कोळसा म्हणजे दलदलीत पडलेलं जंगल. पानावर पान, गाळावर गाळ, वरून ओझं. खालच्या थरात चकतीसारखे कण जास्त, म्हणजे बर्फाची थंडी. वर यावं तसे दोन कानांचे वाढत जातात, म्हणजे हवा निवळली, झाडी दाट झाली. मी म्हटलं, "मेलेल्या झाडांची तुला एवढी काळजी. माझ्या गुडघ्याची कर." ती म्हणाली, "तुमचा गुडघा मोजून झालाय. दोनच आहेत."

आणि खोडाखोड. ती तिला अजिबात चालायची नाही. एकदा कॅलेंडरवर गॅस लावल्याची तारीख मी चुकीच्या चौकोनात लिहिली आणि पेनने गिरवून काळी केली. केवढी ओरडली. "असं गिरवायचं नाही. एक रेघ मारायची, सरळ. खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं आणि बाजूला सही. चूक पण माहिती असते." लॅबच्या रजिस्टरची रीत होती ती. मी म्हटलं, "गॅसच्या सिलिंडरला सही?" तिने पेन पुढे केलं. सही केली मी. तीन महिने ते कॅलेंडर भिंतीवर होतं.

आता चाळणीचं.

तिच्याकडे दोन चाळण्या होत्या. पितळी कडं आणि खाली बारीक जाळीचं कापड, डोळ्याला भोकं दिसायची नाहीत इतकं बारीक. एक कोळशाची. दुसरी खाडीच्या गाळाची, कारण सरांकडे एक विद्यार्थिनी ठाण्याच्या खाडीचा गाळ तपासायची. दोन्ही कधी एकत्र करायच्या नाहीत. कोळशाच्या कड्याला प्रमिलाने लाल दोरा गुंडाळला होता. एकदा कोळशाची जाळी फाटली आणि खाडीच्या चाळणीचं कडं निखळलं. कॉलेजातून नवी चाळणी यायला महिने लागायचे आणि सकाळी सरांना कोळशाचा एक तुकडा तपासायचा होता. ती दोन्ही चाळण्या पर्समधून घरी घेऊन आली. सोबत नव्या जाळीचा एक तुकडा होता.

"फाटक्यावर ही नवी बसवा. दुसऱ्याचं नुसतं कडं घट्ट करा. होईल ना सकाळपर्यंत?"

मी वर्कशॉपमध्ये नेल्या. नवी जाळी लाल दोऱ्याच्या कड्याला बोटभर कमी पडली. दुसऱ्या कड्याला, जे थोडं लहान होतं, चपखल बसली. मग मी खाडीची जुनी जाळी काढली, तिची कडेची दुमड चांगली रुंद होती, ती उलगडून लाल दोऱ्याच्या कड्यावर ताणली. धुतलेलीच होती. मला वाटलं, जाळी ती जाळी. कडं महत्त्वाचं, दोरा महत्त्वाचा. काम फस्सक्लास केलं होतं. एक सुरकुती नाही.

सकाळी तिने हातात घेऊन बोट फिरवलं. म्हणाली, "झकास." आणि गेली.

सहा महिन्यांनी ती पेढे घेऊन आली. आनंद तोंडावर मावत नव्हता. "समुद्र सापडला," म्हणाली.

"कुठे?"

"चंद्रपूरला!"

मी चाळणी दिली त्या सकाळच्या तुकड्यात दोनशे कणांत सात कण काटेरी निघाले होते. गोल, अंगभर काटे. असे समुद्राच्या पाण्यात होतात. म्हणजे दलदलीत कधीतरी समुद्राचं पाणी घुसलं होतं. तिथे समुद्र होता असं आधी कोणी म्हटलं नव्हतं. सर लेख छापणार होते. तिने पेढा माझ्या तोंडात घातला.

मी चावता चावता विचारलं, "असले काटेवाले तुझ्या खाडीच्या गाळात पण असतात ना?"

"असतात की. म्हणून तर मी लगेच ओळखले."

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. मी फिटर आहे, मूर्ख नाही. काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. मग लेख छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत श्रीमती प्रमिला राणे. तिने त्या पानाला प्लॅस्टिक लावून आणलं आणि देवाच्या फळीखाली टांगलं. त्या पानासमोर मी रोज उदबत्ती लावायचो. आता सांगा, कोणत्या तोंडाने बोलायचं होतं?

एकदा ती जेवताना म्हणाली, "ते सात कण फिकट होते हो. बाकी सगळे चहाच्या रंगाचे. कोट्यवधी वर्षं जमिनीत भाजलेले ना. हे सात पाण्यासारखे. मी सरांना म्हटलं तर सर म्हणाले, असतात कधी कधी."

मी म्हटलं, "सर म्हणाले ना? मग झालं तर."

ती निवृत्त झाल्यावर दुसऱ्या कुठल्या लॅबने तिथेच शेजारी भोक पाडून तपासलं. समुद्र नाही. एक नाही, तीन भोकं. विभाग बंद होत होता, जुनी रजिस्टरं रद्दीत चालली होती. प्रमिला जाऊन आपलं रजिस्टर आणि त्या तुकड्याचा उरलेला दगड घेऊन आली. दगड नानकटाईच्या चौकोनी डब्यात ठेवला, चिठ्ठीसकट. आणि त्या दिवसापासून घरात एक नवी सवय लागली. चहा गाळायच्या आधी गाळणी खिडकीच्या उजेडाकडे धरायची. रोज. उलटीसुलटी करून बघायची.

एकदा अशीच गाळणी धरून तिने विचारलं, "अहो, त्या वेळी चाळणीला तुम्ही नक्की काय केलं होतं?"

मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न करता म्हटलं, "काय करणार? जाळी बसवली. तू सांगितलीस तशी."

"बरं," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

हे वाक्य मी पुढे कितीदा ऐकलं असेल. "माझंच लक्ष नव्हतं." भांडी घासताना, गोळ्या घेताना. कळलं की नागपूरची एक मुलगी त्याच समुद्रावर पीएचडी करतेय, तेव्हा तर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. "अहो, ती पोरगी नसलेल्या समुद्रात वर्षं घालवणार. तो दगड पुन्हा तपासायला हवा. स्वच्छ चाळणीत. मग मी तिला कळवेन."

गेल्या वर्षी हृदय निम्मंच चालतंय असं डॉक्टर म्हणाले. तिची घाई वाढली. घरी ॲसिड आणता येत नाही. सरांचे हात थरथरतात. आम्ही डबा घेऊन तीन कॉलेजं फिरलो. शेवटच्या ठिकाणी लिफ्ट बंद होती. ती तीन मजले चढली, प्रत्येक वळणावर थांबून. वर एक तरुण साहेब. चांगला होता, उद्धट नव्हता. म्हणाला, "आजी, तुम्ही कोण? म्हणजे, पोस्ट काय होती?"

"मी मोजायचे," प्रमिला म्हणाली.

त्याने सांगितलं, अर्ज करा, कमिटी बसेल. आम्ही बाहेर बाकावर बसलो. ती डबा मांडीवर घेऊन श्वास गोळा करत होती. ओठ निळे पडले होते. त्या बाकावर मी बोलू शकलो असतो. एवढंच म्हणायचं होतं, दगड पुन्हा तपासायची गरज नाही, काय झालं ते मला ठाऊक आहे. नाही बोललो. उलट म्हटलं, "सोड ना आता. कोण विचारतंय त्या समुद्राला?"

ती म्हणाली, "मी."

मंगळवारी संध्याकाळी मनीषा डोंबिवलीहून तासाभरात आली. बिल्डिंगमधल्या बायकांनी प्रमिलाला अंघोळ घातली. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, कुंकू, बांगड्या. मी दारात उभा होतो. शेजारच्या साळवी वहिनींनी कुठूनतरी मोठा मोगऱ्याचा गजरा आणला आणि तिच्या डोक्याभोवती ठेवला. पाकळ्या कपाळावर आल्या. अंगठ्यावरचा तो पांढरा डाग तेवढा ओळखीचा होता. बाकी बाई मला परकी वाटली. इतक्या वर्षांनी डोक्यात फूल. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो काढा ते. नमुना खराब होईल."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मनीषाने मला धरून आत नेलं. तिला पण वाटलं, बाबांचं डोकं फिरलं.

रात्रीच अग्नी मी दिला.

सकाळी घरात चूल पेटली नव्हती. वहिनींनी पिठलं-भात आणून ठेवला. ओट्यावर ते वाल तसेच पातेल्यात, वर झाकण. मी कपाटातून नानकटाईचा डबा काढला आणि रजिस्टर काढलं. कधी उघडलं नव्हतं मी ते. मला काय कळणार त्यातलं. पण त्या तुकड्याचा नंबर डब्यातल्या चिठ्ठीवर होता. नंबर जुळवत पान शोधलं. काटेरी कण सात. खाली तिच्याच अक्षरात, हिरव्या शाईत, पुढे कधीतरी लिहिलेल्या दोन ओळी:

'चाळण्या जमा करताना दिसलं, लाल दोऱ्याच्या कड्यावर जाळी खाडीच्या चाळणीची. चूक माझी. तपासून घेतली नाही.'

बाजूला सही आणि तारीख. तारीख ती निवृत्त झाली त्याच्या आदल्या आठवड्याची.

मी खाली बसलो. म्हणजे गाळणी उजेडाकडे धरून तिने मला विचारलं, तेव्हा तिला ठाऊक होतं. बाकावर ठाऊक होतं. काल वाल सोलताना, मी 'प्रमिला' म्हटल्यावर ती जी बघत राहिली, ती थांबली होती. मी बोलेन म्हणून. मीठ बेताचं टाक म्हणालो मी तिला.

मनीषा म्हणाली, "बाबा, कुठे निघालात? सुतक आहे. अग्नी दिलेल्या माणसाने बाहेर जायचं नसतं."

"जायचं नसतं ते जाऊ दे," म्हटलं आणि डबा-रजिस्टर घेऊन निघालो.

सर घाटकोपरला राहतात. रिक्षा केली. बेल वाजवली आणि मागे सरून जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. सरांनी स्वतः दार उघडलं. म्हणाले, "राणे? या, आत या."

"आत येत नाही सर. सुतक आहे. प्रमिला गेली काल."

त्यांनी दाराची चौकट धरली.  मी रजिस्टर उघडून पुढे धरलं. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं.

मी म्हटलं, "जाळी मी बदलली होती. तिने सांगितलं होतं तसं केलं नाही. तिला ठाऊक होतं, तुम्हाला सांगितलं नाही. मला पण विचारून सोडून दिलं. नागपूरच्या त्या मुलीला तुम्ही कळवा. आज कळवा."

 सर म्हणाले, "मला ते फिकट दिसले होते, राणे. ती सांगत होती." त्यांनी चष्मा काढला. "कळवतो. आजच कळवतो. पण हे असंच राहू दे. ती गेली आता. चूक कुणाच्या नावावर आहे ते कोण वाचणार?"

"मी."

पेन मागितलं. त्यांनी खिशातलं दिलं. फूटपट्टी नव्हती, म्हणून डब्याचं झाकण कडेने पानावर धरलं आणि 'चूक माझी' या दोन शब्दांवरून एक रेघ मारली. सरळ. खालचं वाचता येत होतं. वर लिहिलं, 'चूक नवऱ्याची. विचारलं तेव्हा सांगितलं नाही.'

आणि बाजूला सही केली.